प्रश्न विचारल्यावर थोडं थांबा : कोकणातल्या शाळा-अंगणवाड्या तपासणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतले शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, बालविकास प्रकल्प अधिकारी, केंद्रप्रमुख आणि अंगणवाडी पर्यवेक्षिका यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्गात वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. लोकांच्या तोंडी 'स्पीचवाल्या मॅडम'. हे पत्र निधीसाठी, पदांसाठी किंवा इमारतीसाठी नाही. तशी पत्रं तुमच्या टेबलावर पुष्कळ असतात. मला मुलांसाठी वेळ हवा आहे, आणि तोही काही सेकंदांचा. लहान मुलाला प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबा, आणि त्याची भाषा तपासताना ते किती बोलतं हे बघण्याआधी त्याला ऐकलेलं किती कळतं, किती लवकर कळतं, ते बघा. एवढ्यासाठी खुलं पत्र कशाला, असं वाटेल. कारण सांगायला जरा लांबून यावं लागेल.

माझ्याकडे मूल घेऊन येणाऱ्या आयांचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं : "आयकता सगळा, पण बोलना नाय." त्यावर आजीची पुरवणी : "तेचो बापूस पण तसोच होतो." तोवर वेखंड उगाळून चाटवून झालेलं असतं, देवीला बोलून झालेलं असतं, कुणीतरी जिभेखालचा पडदा कापून घ्यायचा सल्लाही दिलेला असतो. कान तपासलेत का विचारलं, तर गोव्यात बांबोळीच्या इस्पितळातून किंवा कोल्हापूरहून आणलेला रिपोर्ट पुढे येतो : दोन्ही कान व्यवस्थित. मूल हसरं असतं, चित्रकोडी पटापट जुळवतं, मोबाईल आपल्यापेक्षा बरा चालवतं. मग अडतं कुठे?

बरेचदा ते 'आयकता सगळा' याच दोन शब्दांत अडलेलं असतं. आवाज ऐकू येणं वेगळं आणि बोललेला शब्द ओळखणं वेगळं.

शब्द आपल्या कानावर अख्खाच्या अख्खा पडत नाही. आवाज पुढे सरकत असतो आणि डोकं तो संपायची वाट बघत बसत नाही. 'का' एवढंच ऐकू आलं की कावळा, काकडी, कासव, काजू, काठी, कात्री हे सगळे एकदम जागे होतात. 'काक' म्हणेपर्यंत कावळा, कासव, काजू गळतात; काका, काकण, काकडी शिल्लक राहतात. पुढचा 'ड' आला की काकडी ठरली. विल्यम मार्स्लेन-विल्सन या भाषा-मानसशास्त्रज्ञाने १९७० आणि ८०च्या दशकांत ही मांडणी केली, आणि तपशिलांवर वाद झाले तरी तिचा गाभा आजही मानला जातो. मोठ्या माणसाला वाक्यातला ओळखीचा शब्द बरेचदा तो पुरता उच्चारून होण्याआधीच कळलेला असतो. हे इतक्या झटपट आणि इतकं नकळत होतं, की दुसऱ्या कुणाला यात कष्ट पडत असतील हे आपल्या ध्यानातही येत नाही.

ही चपळाई घेऊन कुणी जन्माला येत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अ‍ॅन फर्नाल्ड यांनी १९९८ साली एक साधा आणि सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. आईच्या मांडीवर मूल, समोर दोन चित्रं, आणि एका चित्राचं नाव असलेलं वाक्य. मुलाने काही बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. त्याची नजर कधी वळते तेवढं मोजायचं. पंधरा महिन्यांच्या मुलांची नजर शब्द संपून गेल्यावर योग्य चित्राकडे जात होती. दोन वर्षांच्या मुलांची नजर शब्द चालू असतानाच वळत होती. म्हणजे दुसऱ्या वर्षात मूल नुसते शब्द साठवत नाही, ऐकलेला शब्द पकडण्याचा त्याचा वेगही वाढत जातो. पुढे फर्नाल्ड आणि व्हर्जिनिया मार्चमन यांनी अशाच मुलांना आठव्या वर्षी पुन्हा तपासलं. पंचविसाव्या महिन्यातला हा वेग आणि आठव्या वर्षीची भाषा व स्मरण यांचा मेळ बसत होता.

आता ज्या मुलांसाठी हे पत्र लिहिते आहे त्यांच्याकडे येते. ऐकू येतं, बुद्धीत मोठी उणीव नाही, स्वमग्नता नाही, घरी माया आहे, बोलणारी माणसं आहेत, आणि तरीही भाषा पुढे सरकत नाही. याला पूर्वी वेगवेगळी नावं होती. डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने इंग्रजीभाषक देशांतल्या तज्ज्ञांनी २०१७ साली एका नावावर एकमत केलं : 'डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर', म्हणजे विकासात्मक भाषादोष. आम्ही डीएलडी म्हणतो.

या मुलांच्या डोक्यात शब्द ओळखताना काय होतं? एलिना मायनेला-आर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी २००८ साली शाळकरी मुलांना एकेक शब्द तुकड्यातुकड्यांनी ऐकवला. आधी अगदी सुरुवातीचा अंश, मग थोडा जास्त, मग आणखी थोडा. प्रत्येक वेळी विचारलं, शब्द कोणता असेल? भाषादोष असलेल्या मुलांचा पहिला अंदाज काही फार उशिरा येत नव्हता. फरक नंतर होता. बरोबर शब्द सापडल्यावरही ती डळमळत होती. एकदा हा, मग तो, मग पुन्हा पहिला. आयोवा विद्यापीठात बॉब मॅकमरे यांनी २०१० मध्ये किशोरवयीन मुलांच्या नजरेचा माग काढला, तेव्हाही तशीच गोष्ट दिसली. सारख्या सुरुवातीचे दोन शब्द चित्रांतून समोर असले, की या मुलांची नजर सुरुवातीला इतरांसारखीच फिरते. पण शब्द संपून गेल्यावरही चुकीच्या चित्राकडे जास्त रेंगाळते. कावळा-कासव गळायला हवे होते तिथे ते गळत नाहीत, काकडीच्या शेजारी बसून राहतात.

म्हणून 'लक्ष नाही', 'आळशी आहे' हे शेरे वाचले की मला त्रास होतो. त्या मुलाला आपल्यापेक्षा जास्त काम पडलेलं असतं.

एका शब्दापुरती ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण बोलणारा थांबत नाही ना! आपण सहज बोलतो तेव्हा सेकंदाला चार-पाच अक्षरं जातात. पहिल्या शब्दाचा निकाल लागतो न लागतो तोच दुसरा, तिसरा आलेला असतो. "पाटी दप्तरात ठेव, डबा काढ आणि हात धुऊन रांगेत उभा राहा." या सूचनेतलं मुलाच्या हाती काय लागतं? बहुधा 'रांगेत उभा राहा', कारण ते शेवटी आलं. आणि इतर मुलं डबा काढताना दिसली, की तोही काढतो. बाई समाधानाने म्हणतात, सगळं समजतं याला. समजलं डोळ्यांना, कानांवाटे फारसं काही आत गेलेलं नसतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांवर २००१ साली झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात अनेक तऱ्हेच्या कामांमध्ये भाषादोष असलेली मुलं सरासरी सुमारे १४ टक्क्यांनी संथ आढळली. सरासरी आहे ती. काही मुलं मुळीच संथ नव्हती. प्रत्येक मुलाची गाठ वेगळ्या ठिकाणी असते हे मला रोजच्या कामातही दिसतं.

(कारणांवर संशोधकांचं एकमत नाही, हेही सांगून टाकते. १९७३ साली पाउला टॅलल आणि माल्कम पीअर्सी यांनी असं मांडलं, की या मुलांना भराभर बदलणारे ध्वनीच नीट पकडता येत नाहीत. त्यावर बेतलेले संगणकी खेळ पुढे विकले गेले. नंतरच्या चाचण्यांचा २०११ मध्ये एकत्र आढावा घेतला, तेव्हा त्या खेळांनी भाषा सुधारल्याचा पुरावा सापडला नाही. तेव्हा एखाद्या शाळेला कुणी 'मेंदूला वेग देणारं अ‍ॅप' विकायला आलं, तर कृपा करून त्याला चहा देऊन परत पाठवा.)

किती मुलं असतील अशी? आयोवात ब्रूस टॉम्ब्लिन यांनी पाच वर्षांच्या सात हजारांहून अधिक मुलांची चाळणी केली होती. १९९७ साली त्याचा निष्कर्ष आला : ७.४ टक्के. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात कर्टेनी नॉर्बरी यांच्या २०१६ च्या अभ्यासातही दुसरं कोणतंच कारण नसलेला भाषादोष साधारण तितकाच, साडेसात टक्क्यांच्या घरात निघाला. आयोवाच्या अभ्यासातली दुसरी एक संख्या मला जास्त बोचते. ज्या मुलांमध्ये दोष सापडला, त्यांच्या पालकांपैकी फक्त २९ टक्क्यांना त्याची आधी कुणी कल्पना दिली होती. ही गोष्ट सगळ्या सोयी असलेल्या जागेची. हे आकडे कोकणाचे नाहीत, आणि इथे जसेच्या तसे लावू नयेत. पण भाषादोष काही फक्त इंग्रजीत होत नाही. जगातल्या कितीतरी भाषांमध्ये तो नोंदला गेला आहे.

तीस मुलांच्या वर्गात दोन, असा हिशेब पुस्तकात देतात. आपल्याकडे तीस मुलांचा वर्ग कुठे आहे? वाडीवरच्या शाळेचा सगळा पटच आठ, दहा, बारा. त्यामुळे एखाद्या गुरुजींच्या हाताखाली असं मूल कितीतरी वर्षांत एखादंच येतं आणि तुलनेला दुसरं नसतं. शहरातल्या बाईंना पाच वर्षांत जो अनुभव मिळतो तो इथे अर्ध्या नोकरीत मिळत नाही. त्यात गुरुजींचा काही दोष नाही. पण म्हणूनच त्यांच्या हातात नीट बघण्याची रीत द्यायला हवी, आणि ती तुम्हीच देऊ शकता.

आणखी एक गोष्ट अशा मुलांना लपवते, ती म्हणजे एका सुरातलं उत्तर. "समजलं का?" "होऽऽ बाईऽऽ!" गावच्या देवळात गाऱ्हाणं चालू असताना मागे उभा असलेला माणूस प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणतो; त्याला गुरवाचा शब्द न् शब्द कळायची गरज नसते, थांबा कुठे येतो तेवढं कळलं की पुरे. वर्गातलं हे मूल तसंच करतं. सूर बरोबर, वेळ बरोबर, तोंड हलतं आहे. तपासणीच्या दिवशी पाढे, कविता, प्रार्थना सगळं समूहात होतं आणि आलेला पाहुणा खूश होऊन जातो. तुम्ही वर्गावर याल तेव्हा एवढं करा : एखाद्या मुलाजवळ खाली बसा आणि त्याच्याशी एकट्याशी बोला.

पावसाचंही सांगते. जून ते सप्टेंबर आपल्या कित्येक अंगणवाड्यांवर आणि वर्गांवर पत्र्याचं छप्पर वाजत असतं. त्यातच द्विशिक्षकी शाळा. एका भिंतीला पहिली, दुसऱ्या भिंतीला तिसरी, आणि तिसरीचे पाढे मोठ्याने चाललेले. निरोगी मुलाचा मेंदू अशा गलक्यात गहाळ झालेले ध्वनी स्वतः भरून काढतो, कारण त्याच्याकडे शब्दांचा पक्का साठा असतो. भाषादोष असलेल्या मुलाकडे तो नसतो. योहानेस झीग्लर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली फ्रेंच मुलांवर हेच दाखवलं. शांततेत या मुलांची शब्दध्वनींची ओळख थोडीच कमी पडत होती; मागे गोंगाट सुरू केला की ती बरीच ढासळत होती. शांत खोलीत काढलेला कानाचा आलेख चांगला येतो आणि वर्गात मूल बहिऱ्यासारखं वागतं, ते यामुळे. पत्रा बदला असं मी म्हणत नाही. जोराच्या सरीत नवा धडा, तोंडी चाचणी घेऊ नका; त्या वेळी चित्र काढू द्या. असं मूल बाईंच्या जवळ, तोंड दिसेल असं बसवा. याला कोणाची मंजुरी लागत नाही.

आता थोडा नाजूक विषय. बोली.

मराठीत शब्द ओळखायला एक मोठी मदत आहे, जिचा आपण विचारही करत नाही. 'मोठी का…' एवढं ऐकलं की कावळा आणि कासव आपोआप बाद; काकडी, काठी, कात्री यांच्यापैकीच काहीतरी असणार. 'मोठं का…' म्हटलं की कासव जवळ येतं. नामाच्या आधीचं विशेषण त्याच्या लिंगाची वर्दी आधीच देऊन टाकतं. स्पॅनिश बोलणारी तीन वर्षांच्या आसपासची मुलं अशा खुणेचा उपयोग करून नाम लवकर ओळखतात, हे केसी लू-विल्यम्स आणि फर्नाल्ड यांनी २००७ मध्ये दाखवलं. मालवणीतही हीच सोय आहे, फक्त खुणा वेगळ्या : मोठो कावळो, मोठी काकडी, मोठा कासव. म्हणजे जो 'मोठा' वर्गातल्या मराठीत कावळ्याकडे बोट दाखवतो, तोच घरच्या मालवणीत कासवाकडे दाखवतो. धडधाकट मूल हळूहळू हे दोन्ही हिशेब सांभाळायला शिकतं. भाषादोष असलेल्या मुलाला असे आखूड, हलके उच्चारले जाणारे प्रत्ययच सगळ्यात अवघड जातात. लॉरेन्स लिओनार्ड यांनी अनेक भाषांतल्या मुलांवर काम करून हे वारंवार मांडलं आहे.

यावरून दोन चुकीचे निष्कर्ष निघू शकतात आणि दोन्ही मी ऐकलेले आहेत. पहिला : मालवणी किंवा संगमेश्वरी बोलणारं मूल अंगणवाडीत गप्प बसलं, की त्यालाच दोष आहे. नाही. 'कावळा कुठे आहे?' ला गप्प राहणारं मूल 'कावळो खंय आसा?' ला चटकन बोट दाखवत असेल, तर ते मूल ठीक आहे, नुसतं नव्या भाषेच्या दारात उभं आहे. दोष खराच असेल तर तो घरच्या बोलीतही दिसतोच. म्हणून पहिली तपासणी घरच्या बोलीत व्हायला हवी आणि त्यासाठी आपल्या अंगणवाडी सेविका, मदतनीस यांच्याइतकी योग्य माणसं कुठे मिळणार? त्या त्याच वाडीतल्या असतात.

दुसरा निष्कर्ष जास्त घातक : मुलाला भाषेचा त्रास आहे ना, मग घरी बोली बंद करा, एकच 'शुद्ध' भाषा बोला, किंवा थेट इंग्रजीच. जोहान पॅराडिस आणि सहकाऱ्यांनी २००३ साली कॅनडात फ्रेंच-इंग्रजी अशा दोन्ही भाषांत वाढणाऱ्या भाषादोष असलेल्या मुलांची तुलना एकभाषी मुलांशी केली. दुभाषी मुलं व्याकरणात अधिक मागे नव्हती. दुसरी भाषा हे दोषाचं कारण नाही आणि ती काढून टाकणं हा उपायही नाही. आपल्याकडे बाप मुंबईत चाकरमानी, आई दिवसभर काजूच्या कारखान्यात किंवा मासळी बाजारात, आणि मूल आजीकडे. त्या आजीला 'मालवणी बोलू नका' सांगितलं, की घरात मुलाशी बोलणारं उरतं कोण? टीव्ही.

आता पुन्हा आजीच्या वाक्याकडे, 'तेचो बापूस पण तसोच होतो.' त्यात तथ्य आहे. भाषादोष घराण्यात चालतो हे संशोधनात दिसलं आहे. दोन वर्षांची कितीतरी मुलं उशिरा बोलू लागतात आणि त्यांतली बरीच शाळेच्या वयापर्यंत बरोबरीला येतात, हेही खरं. मग कुणाची वाट बघायची आणि कुणाला लगेच मदत द्यायची? फर्नाल्ड आणि मार्चमन यांच्या २०१२ च्या अभ्यासात याचा एक धागा आहे. दीड वर्षाची असताना कमी बोलणाऱ्या मुलांपैकी जी ऐकलेला शब्द लवकर आणि अचूक ओळखत होती, ती पुढच्या वर्षभरात भराभर पुढे गेली. म्हणून 'बोलत नाही' एवढ्यावर मूल सोडू नका आणि तेवढ्यावर घाबरूही नका. कळतं किती, ते बघा. नजरेचा माग काढणारं यंत्र आपल्याकडे नाही, आणि हवंच असंही नाही. चार चित्रं जमिनीवर ठेवायची, हात मागे बांधायचे, नजर मुलाच्या चेहऱ्यावर ठेवायची आणि म्हणायचं : होडीच्या बाजूचा मासा दे. हातवारे नाहीत, चित्राकडे बघणं नाही, वाक्य पुन्हा सांगणं नाही. मग थांबायचं.

या थांबण्याची सवय आपल्याला नाही. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण करून मोजलं, तर शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंदांवर नेलं, तेव्हा उत्तरं लांब झाली आणि गप्प बसणारी मुलं बोलू लागली. ती सर्वसाधारण मुलं होती. भाषादोष असलेल्या मुलासमोर मनात दहापर्यंत आकडे मोजा, असं मी शिक्षकांना सांगते. सुरुवातीला तो वेळ फार लांब वाटतो. मध्ये "सांग ना, सांग ना" म्हटलं की त्याला नवे शब्द ऐकावे लागतात आणि जुना हिशेब मोडतो. प्रश्न पुन्हा विचारायचाच तर त्याच शब्दांत विचारा. वेगळ्या शब्दांत सोपा करून विचारला, तर त्याच्यासाठी तो नवा प्रश्न होतो.

'निपुण भारत' हे लहान वर्गांतल्या वाचन-गणिताचं केंद्र सरकारचं अभियान २०२१ मध्ये सुरू झालं आणि दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचण्याचं लक्ष्य आलं. ते लक्ष्य दिल्लीतून आलं आहे, त्यावर तुमच्याशी भांडण्यात अर्थ नाही. मात्र त्याची छाया तोंडी कामावर पडू देऊ नका. घड्याळ लावून तोंडी प्रश्न विचारले, की अशी मुलं एक युक्ती शिकतात : पहिलं अक्षर ऐकायचं आणि डोळे मिटून एक शब्द फेकायचा. 'का' ऐकलं, 'काकडी' म्हटलं. कधी बरोबर येतं. त्या अंदाजाच्या सवयीतून त्यांना बाहेर काढायला नंतर फार वेळ जातो.

कायद्याचंही एक कुलूप आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यांत 'वाचा व भाषा दिव्यांगता' आहेच. पण तिची व्याख्या स्वरयंत्र काढून टाकणं किंवा वाचाघात (मेंदूला इजा होऊन भाषा जाणं) अशांसारख्या शारीरिक वा चेतासंस्थेच्या कारणांनी आलेल्या कायमच्या अक्षमतेची आहे. डीएलडीचं मूल त्यात बसवणं कठीण. वाचनात मागे पडल्यावर ते 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' या प्रकारात येऊ शकतं. पण २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ते प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून पुढे. म्हणजे तीन ते आठ, ज्या वर्षांत मदतीचा सर्वांत जास्त उपयोग, ती वर्षं कागदावर रिकामी. मात्र २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासायच्या ३० बाबींमध्ये 'भाषाविकासातील विलंब' स्पष्ट लिहिलेला आहे, आणि त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणं अपेक्षित आहे. वजन-उंचीच्या गडबडीत ती ओळ वर सरकवणं तुमच्या हातात आहे. सेविकेने चित्रांची ही साधी पाहणी आधीच करून ठेवली, तर पथकातल्या डॉक्टरांना कोणत्या मुलाकडे बघायचं हे पहिल्याच मिनिटाला कळेल. त्यात पहिली पायरी कानांचीच ठेवा. पावसाळ्यात कान वाहणारी मुलं आपल्याकडे थोडी नाहीत, आणि कमी ऐकू येत असेल तर पुढचं सगळं बोलणं फोल.

अर्थहीन शब्द म्हणायला लावण्याची एक चाचणी जगभर वापरतात. 'टोमिके', 'बुलदेनापी' असे, कोणत्याच बोलीत नसलेले. लांब शब्द मागे म्हणताना भाषादोष असलेली मुलं अडखळतात, आणि शब्द कुणाच्याच घरचे नसल्यामुळे बोलीचा अन्यायही कमी होतो. सुसान गॅदरकोल आणि अ‍ॅलन बॅडली यांच्या १९९० च्या कामापासून याचा पुरावा साठत आला आहे. आपल्या ध्वनींवर अशी यादी बांधता येईल. पण ती आधी इथल्या पुष्कळ मुलांवर पारखून घ्यायला हवी, म्हणून उद्याच वाटून टाका असं मी म्हणणार नाही. घाईने वाटलेली चाचणी चांगल्या मुलांवर शिक्का मारते.

शिकवण्यातही थोडा बदल पुरतो. नवा शब्द या मुलांना जास्त वेळा ऐकावा लागतो हे खरं, पण नुसता दहा वेळा ऐकवून भागत नाही. लिओनार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये शाळापूर्व वयाच्या मुलांवर पाहिलं, की मध्ये थोडं अंतर सोडून तोच शब्द मुलाला आठवायला लावला, तर तो जास्त टिकतो. सकाळी 'शिंपला' दाखवला. खाऊच्या वेळी विचारा, याला काय म्हणायचं? नाही आठवलं तर सांगा. घरी जाताना पुन्हा विचारा. अंगणवाडीत शिंपल्यांना तोटा नाही.

राहता राहिला उपचाराचा प्रश्न. देवगडच्या टोकाच्या वाडीतून ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, मूल आणायचं तर आईचा एका दिवसाचा रोज बुडतो. पहिल्यांदा ती येते, दुसऱ्यांदा येते, मग भातलावणी सुरू होते. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवणाच्या राष्ट्रीय संस्थेत चांगलं मूल्यमापन होतं, पण तिकडे जाणं म्हणजे गणपतीची किंवा मे महिन्याची सुट्टी गाठणं. म्हणून माझी सूचना : मूल तज्ज्ञाकडे नेण्यापेक्षा तज्ज्ञ केंद्रशाळेत न्या, महिन्यातून एकदा. आठवड्याचं बाकी काम सेविका आणि शिक्षक करू शकतात, दाखवलं तर उत्तम करतात. मी पाहिलं आहे.

दर महिन्याची शिक्षण परिषद तुमच्याकडे होतेच. येत्या परिषदेत एक तास मला द्या, आणि त्या दिवशी अंगणवाडी सेविकांनाही बोलवा. मालवणीतल्या आणि प्रमाण मराठीतल्या सूचनांसकट चित्रांचा संच मी घेऊन येते. प्रवासखर्च नको. जमलं तर त्या केंद्रातली दोन-तीन मुलं आईसोबत बोलवा, पाहणी सगळ्यांसमोर करून दाखवते. तारीख कळवा, मंगळवारी माझी दवाखान्याची वेळ असते, बाकी कोणताही वार चालेल.

आपली,
सिंधुदुर्गातली एक वाचा-उपचारतज्ज्ञ